दोन चाकांची कप्पी

जलक्रीडा मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी चार पानं लिहावीत, असं पत्र मंडळाच्या चिटणीसांनी पाठवलं आहे. विषय त्यांनीच ठरवून दिला आहे. लहान शिडाच्या नावेतून लांबच्या सफरीला निघताना पुरेशी साधनसामग्री नसली तर काय ओढवतं, याचा स्वानुभव मी सांगायचा. नव्या मुलांना त्यातून धडा मिळेल, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी याच मंडळानं उजनीच्या पाण्यावर शिडाची नाव हाकणारा पहिला माणूस म्हणून माझा सत्कार केला होता. अंगावर चादर पांघरली, हातात नारळ दिला. मी दोन्ही घेतलं आणि घरी आलो.

आता लिहितो आहे, पण त्यांना हवं ते लिहिणार नाही. दिलेला विषय खोटा आहे आणि सत्कारही चुकीच्या माणसाचा झाला आहे. आमची नाव सामान कमी पडलं म्हणून उलटली नव्हती. तिच्यावर नको ते सामान चढवलं होतं म्हणून उलटली, आणि ते सामान मी चढवलं होतं. ज्याची ती नाव होती त्याच्यावर मात्र जन्मभर अडाणीपणाचा शिक्का बसला. तो शिक्का माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचा होता. मुलगा म्हणाला, बाबा, आता कशाला, कुणाला आठवतंय? मला आठवतंय. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कुणाची भीती बाळगायची आहे?

सत्तरच्या दशकाच्या शेवटीशेवटी मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीत स्टोअरचा क्लार्क होतो. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो आणि दिवसभर स्टोअरच्या खिडकीमागे बसायचो. माझ्या पाठीशी छतापर्यंत मांडण्या होत्या. त्यांच्यावर नटबोल्ट, पट्टे, चाकं, साखळ्या, तारदोर, सगळं ओळीनं, प्रत्येक खणावर चिठ्ठी. मला त्या मांडण्यांचा गर्व होता. गिरणी चालते ती माझ्या मांडण्यांवर, असं मी मनापासून मानायचो.

अण्णा विणकामखात्यात फिटर होता. घर तेलुगू विणकरांचं, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, आणि त्याच्या गल्लीत सगळे त्याला अण्णाच म्हणायचे म्हणून मीही. तो मला भाऊसाहेब म्हणायचा. माग बंद पडला की तो खिडकीशी यायचा आणि एक बोल्ट मागायचा. एकच. बाकीचे फिटर दोन लागले तर चार नेत आणि दोन डब्यात दडवत. अण्णा एक नेई, आणि जुना काढलेला वायसर चांगला असला तर तो पुसून परत आणून देई. मला त्याचा थोडा रागच यायचा. मांडण्या भरलेल्या असताना हा माणूस मागत का नाही?

तरुणपणी तो काही वर्षं मुंबईच्या एका गिरणीत होता. खोली कोळीवाड्याला लागून होती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कोळ्यांच्या होड्या तासायला, शिडं शिवायला मदत करता करता तो ती विद्या शिकून आला होता. सोलापुरात तिचा काही उपयोग नव्हता. पण भीमेवर धरण झालं, पाणी साठायला लागलं आणि अण्णानं नाव बांधायचं ठरवलं. मी वाचनालयातून नौकानयनावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. एवढ्याच भांडवलावर मी त्याचा भागीदार झालो.

नाव त्याच्या दारातच, गल्लीत बांधली. बाभळीच्या नैसर्गिक वाकाच्या फांद्या बरगड्यांना, आंब्याच्या फळ्या अंगाला, फटींत गिरणीतल्या सुताचे बोळे आणि वरून डांबर. लांबी पंधरा फूट. शीड मांजरपाटाचं, त्यानं स्वतः शिवलेलं, एका आडव्या बांबूला बांधलेलं. वर्षभर गल्लीला करमणूक होती. समोरचा रंगारी रोज येता-जाता थांबायचा.

"काय बे अण्णा, नळाला पाणी चार दिवसांनी येतंय. नाव सोडणार कुटल्या बादलीत?"

"तुज्या," अण्णा रंधा न थांबवता म्हणायचा. "घासून ठेव."

नावेवर काय असावं, याची अण्णाची एकच कसोटी होती. कुठलीही वस्तू हातात घेऊन तो विचारायचा, हे मोडलं तर काय करायचं? उत्तर 'दुसरं लावायचं' असं आलं की ती वस्तू बाद. 'याच्याशिवाय चालवायचं' असं आलं तर तो म्हणे, मग आत्ताच त्याच्याशिवाय चालवू. आणि जे मोडलंच तर सुरी, सुतळी आणि एक हात एवढ्यावर दुरुस्त होतं, ते घ्यायचं. एकच हात, कारण दुसरा सुकाणूवर असणार. हे त्याला कोळ्यांनी शिकवलं नव्हतं. ते त्याच्याकडे मागावरून आलं होतं. तुटलेला धागा विणकर एका हाताच्या दोन बोटांत धरून अशी गाठ मारतो की पाहणाऱ्याला गाठ दिसत नाही, आणि तेवढ्यात दुसरा हात दुसऱ्या कामाला लागलेला असतो. अण्णा म्हणायचा, मागाला जेवढे सुटे भाग तेवढ्या वेळा माग बंद.

म्हणून त्याच्या नावेत शीड चढवायला कप्पी नव्हती. डोलकाठीच्या टोकाला बांगडीएवढी लोखंडी कडी होती, आतून घासून तेल पाजलेली. तिच्यातून अंबाडीचा दोर जायचा, आणि कडी दोराच्या तिप्पट रुंद होती. शीड वर ओढायला दोन माणसांचा जोर लागे. पण दोर सोडला की बांबूसकट शीड धपकन खाली. डोलकाठीही एकाच दोरानं आवळलेली होती. गाठ ओढली की ती आडवी करता येई. सुरी डोलकाठीलाच सुतळीनं टांगलेली. आत शिरलेलं पाणी उपसायला वनस्पती तुपाचा रिकामा डबा.

या नावेतून आम्ही दोन-तीन वेळा धरणाच्या भिंतीच्या अलीकडे लहान फेऱ्या मारल्या. नाव हळू होती, पण शहाण्या बैलासारखी वागली. मग ठरलं की परतीचा पाऊस ओसरत आला की लांबची सफर करायची. धरणाकडून निघून वर भिगवणच्या बाजूपर्यंत, पाणी जाईल तिथवर. तीन-चार दिवस लागतील, मुक्काम काठाला किंवा नावेतच.

सफर म्हटल्यावर माझ्यातला स्टोअरवाला जागा झाला. पुस्तकात एक लांबलचक यादी होती. मी ती उतरवून काढली आणि एकेक वस्तू आणायला लागलो. होकायंत्र आणलं, जिथं दोन्ही काठ डोळ्यांना दिसतात तिथं. पंप मारायचा पितळी स्टोव्ह आणला. डोलकाठी ताणून धरायला तारदोर आणि ते आवळायचे पेच आणले. डब्याऐवजी उपसायचा हातपंप. सगळी हत्यारं ठेवायला सागवानी पेटी करून घेतली, आत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खण, वर कडी. सुरी डोलकाठीवरून काढून मी तिच्या खणात ठेवली. जागच्या जागी. आणि शेवटी दोन चाकांची कप्पी आणली, अगदी नवी, तिच्यातून ओवायला सुताचा पांढराशुभ्र गोफ विणलेला दोर.

अण्णा प्रत्येक वस्तूला तोच प्रश्न विचारायचा आणि माझ्याकडे प्रत्येक वेळी पुस्तकातलं उत्तर असायचं. शेवटी तो म्हणायचा, ठिवा, तुमची हौस हाय. तो का ऐकायचा, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मी शिकलेला होतो, माझ्याकडे पुस्तक होतं, आणि खिडकीमागचा माणूस त्याच्या घरी येऊन त्याच्या ताटात जेवायचा, याचं त्याला अप्रूप होतं. त्या अप्रुपाचा मी फायदा घेतला.

कप्पीला मात्र तो होकार देईना. मग आम्ही गल्लीतच डोलकाठी रोवून बघितलं. मी एका हातानं, हसत हसत, अख्खं शीड टोकाला नेलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. रंगारीसुद्धा म्हणाला, भाऊसाहेब, हे बेस. अण्णानं दहा वेळा शीड वर-खाली केलं. एकदाही अडकलं नाही.

"दोर भिजवून बगू," अण्णा म्हणाला.

त्याची बायको दारात बसून विड्या वळत होती. ती उठली आणि तोच तुपाचा डबा पाण्यानं अर्धा भरून घेऊन आली. पाणी यायला अजून दोन दिवस होते. तिच्या घरात एक घागर शिल्लक असावी. मी हात आडवा केला आणि म्हणालो, राहू द्या वहिनी, दोरावर कशाला पाणी वाया घालवता, एवढा सुरळीत चालतोय. ती अण्णाकडे बघत उभी राहिली. अण्णा माझ्याकडे बघत होता. मग ती डबा घेऊन आत गेली.

आमच्या गावात कुणी नावेचा दोर कोरडाच तपासला तर त्याला कोण हसेल? कोरडं गाव, जपून वापरायचं पाणी. पण अण्णानं भिजवा म्हटलं होतं आणि बाईनं पाणी आणलं होतं. ते मी परत पाठवलं. त्याचा पुढं काय परिणाम झाला, हे अण्णा आणि मी सोडून आजवर कुणालाच माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

नाव ट्रकमध्ये घालून मोहोळवरून धरणाकडे नेली. मोहोळला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं विचारलं, नाटकाचं सामान हाय व्हय? अण्णा म्हणाला, व्हय, पहिला प्रयोग उद्या. त्याला मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दुपारपर्यंत वारा सरळ पाठीमागून होता. पाण्याखाली गेलेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले होते, त्यांच्यामधून अण्णा नाव अशी काढत होता जशी गल्लीतून सायकल. मी होकायंत्र बघून दिशा सांगत होतो. तो व्हय व्हय म्हणायचा आणि त्याला हवं तिकडे जायचा.

तीन वाजायच्या सुमारास पूर्वेकडून काळं आलं. आधी पाऊस. चांगला अर्धा तास पाऊस झोडपत होता आणि त्या अर्ध्या तासात सुताचा तो पांढरा दोर पाणी पीत होता. सूत भिजलं की फुगतं, आवळतं. गिरणीत काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मग वारा आला.

"शीड सोडा," अण्णा म्हणाला. तो ओरडला नाही, कारण त्याच्या मते ते दोर सोडण्याइतकं सोपं काम होतं.

मी दोर सोडला. शीड वीतभर खाली आलं आणि थांबलं. फुगलेला दोर कप्पीच्या दोन गालांमध्ये पाचर मारल्यासारखा बसला होता. मी ओढला, हिसकला, लोंबकळलो. अण्णानं सांगितलं, डोलकाठी पाडा. डोलकाठी आता दोरावर नव्हती, तारेवर होती. पेच सोडवायला पाना हवा होता. पाना पेटीत. तो म्हणाला, मग सुरीनं दोर कापा. त्याचा हात सवयीनं डोलकाठीकडे गेला, जिथं सुरी असायची. सुरी पेटीत. पेटी नाव कलली तशी घसरून स्टोव्हच्या पलीकडे गेली होती. मी गुडघ्यांवर सरपटत तिथं गेलो, कडी उघडली आणि ओल्या बोटांनी सुरीचा खण शोधू लागलो. प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. सुरी हाताला लागली तेव्हा मी पाण्यात होतो.

नावेच्या उलट्या पोटाला धरून आम्ही किती वेळ होतो, सांगता येणार नाही. काठावर मासेमारी करणाऱ्या भोयांनी आम्हाला काढलं आणि नावही ओढून आणली. स्टोव्ह, होकायंत्र, पेटी, पंप, सगळं तळाला गेलं. तुपाचा डबा पाण्यावर तरंगत होता. तो एका भोयानं आणून दिला.

दुसऱ्या दिवशी धरणावरच्या एका कचेरीत आम्हाला बोलावलं. अण्णा बाहेर उन्हात शीड पिळत होता. आत एक अधिकारी जबाब लिहून घेत होते. माझं शिक्षण, नोकरी विचारली आणि मला खुर्ची दिली. मग म्हणाले, एवढ्या पाण्यात असल्या गावठी नावेतून, साधनसामग्री अपुरी होती, असंच ना? मला काही रचावं लागलं नाही. मी फक्त म्हणालो, हो, साधनसामग्री अपुरी होती.

तेवढंच. नोकरी जाणार नव्हती, कुणी अटक करणार नव्हतं. ज्या पुस्तकाचा मी एवढा तोरा मिरवला त्यानंच आम्हाला बुडवलं, हे खुर्चीत बसून सांगायची मला लाज वाटली. दुसरं कारण नाही. कुणी शोधूही नये.

अण्णाला आत बोलावून सही करायला सांगितली. मराठी तो बोट ठेवून, सावकाश वाचायचा. पूर्ण कागद त्यानं तसा वाचला. त्या ओळीवर बोट थांबलं.

"भाऊसाहेब," तो हळू म्हणाला, "अक्षर सायबाचं हाय. वाक्य तुमचं हाय."

मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यानं सही केली.

त्या वाक्यानं पुढं काय काय केलं, ते लिहितो. अण्णानं पुन्हा नाव सोडायची परवानगी मागितली तेव्हा त्याला तेच वाक्य दाखवून नकार दिला. कुठल्याशा स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, त्यातही तेच वाक्य. गल्लीत त्याला 'बिनसामानाचा खलाशी' म्हणू लागले. वर्षभर ज्यांनी नाव बांधताना पाहिली होती, तेच आता म्हणायचे की त्या बाभळीच्या ढाच्यात आपण तर पायसुद्धा ठेवला नसता. अण्णा कुणाला उलट बोलला नाही. फक्त खिडकीशी यायचा बंद झाला. त्याला बोल्ट लागला की दुसरा फिटर यायचा.

संक्रांतीनंतर एक दिवस तो स्वतः आला. काही मागितलं नाही. म्हणाला, रविवारला जोडून तीन दिवसांची रजा टाका. नाव आम्हाला काढणाऱ्या एका भोयाच्या अंगणात पालथी पडून होती. गेले दोन महिने सुट्टी मिळेल तेव्हा जाऊन त्यानं ती दुरुस्त केली होती. कडी परत बसवली होती, दोर अंबाडीचा. तो एकटाच जाणार होता, धरणाकडून भिगवणपर्यंत. मी एसटीनं पुढं जाऊन तिथं काठावर थांबायचं होतं.

मी विचारलं, परवानगी?

"ती कागदाला लागती."

मग मी विचारलं, मी बरोबर येऊ का. खरंच यायचं होतं मला.

"नको," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा थोडा हसला. "तुमी आलात की सामान येतंय."

मी भिगवणच्या अलीकडे, पाणी रस्त्याच्या जवळ येतं त्या बाजूला, एका भोयाच्या झोपडीत दोन दिवस काढले. त्या भोयाला मी सांगितलं की पूर्वेकडून एक शीड येईल. तो म्हणाला, आमी तर हितं शीड कवा बगितलं न्हाय. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानंच हाक मारली. लांब, चकाकत्या पाण्यावर, मांजरपाटाचा मळकट तुकडा. तासाभरानं त्यातला माणूस दिसायला लागला. काठ आला तसा त्यानं दोर सोडला, शीड धपकन खाली आलं, आणि नाव वाळूत घुसून उभी राहिली. एवढीशी गोष्ट. मी त्या पडलेल्या शिडाकडे बघत होतो आणि मला मान वर करवेना.

ओठ फुटले होते, चेहरा करपला होता. भाकरी खाताना त्यानं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी वारा चांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला तेव्हा शीड तीनदा खाली घेतलं, तीनदा चढवलं. एकट्यानं चढवताना दोर दातात धरावा लागला. एका फटीतून पाणी शिरत होतं, ते डब्यानं उपसत राहिला. शिडाच्या कोपऱ्याचा दोर तुटला तर डावा हात सुकाणूवर ठेवून उजव्या हातानं गाठ मारली, मागावर मारतात तशी. ती गाठ मला त्यानं दाखवली. मला ती शोधावी लागली.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तितं कचेरीत जे लिवलं ते तुमच्यासाटी झालं. आता हे माज्यासाटी लिवा. तुमाला लिवता येतंय की."

मी म्हणालो, लिहितो.

त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो. पुढंही अनेकदा बसलो. पण ती सफर लिहायची तर नावेवर काय काय नव्हतं ते सांगावं लागे. काय नव्हतं ते सांगायचं तर ते आधी कुणी चढवलं होतं, हे सांगावं लागे. पहिल्या परिच्छेदाच्या पुढं मी कधी गेलो नाही. अण्णानं दोनदा विचारलं, लिवलं का? मी म्हणालो, चालू आहे. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. नावेच्या फळ्या पुढं भिगवणच्या त्या भोयाच्या गोठ्याला लागल्या. अण्णा जाऊन सतरा वर्षं झाली. त्याला पोचवायला मी गेलो होतो. तिथंही कुणीतरी म्हणालं, माणूस हौशी होता, पण नाव काही धड नव्हती. मी त्या बोलणाऱ्याच्या शेजारी उभा होतो.

हल्लीच्या मुलांच्या नावा मी मंडळाच्या कार्यक्रमात बघितल्या. देखण्या आहेत. त्यांच्यावर किती कप्प्या, किती पेच, किती यंत्रं. त्या मुलांशी माझं भांडण नाही. मोठ्या समुद्रावर जायला आणखी काही लागत असेल, मला माहीत नाही. पण मला धडा द्यायला सांगितलं आहे ना, तर धडा हा घ्या. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा की हे मोडलं तर काय. आणि उत्तर कोरडं तपासू नका. ज्यांना हे जुनाट वाटेल त्यांनी खुशाल तसं म्हणावं. मंडळाला छापायचं असेल तर एकही ओळ न गाळता छापावं. नाहीतर मी कोपऱ्यावरच्या छापखान्यात शंभर प्रती काढीन आणि अण्णाच्या गल्लीत घरोघर वाटीन. रंगाऱ्याच्या नातवाला पहिली. सत्काराची चादर घडी करून याच पाकिटाबरोबर परत पाठवतो आहे.

पाठवण्याआधी हे सगळं मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या अजून त्याच घरात राहतात, आणि सुटत नाही म्हणून थोड्याफार विड्या वळतात. मी वाचत होतो, त्यांचे हात चालू होते. कप्पीचा भाग आला तेव्हा मी कागद खाली ठेवला. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचलं. संपल्यावर मी म्हणालो, वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "बुडून घरी आले त्याच दिशी सांगितलं त्यांनी. मनले, भाऊसाहेब सांगतील एक दिवस. आमी दोगं वाट बगत हुतो. मग मी एकली बगत हुते."

 त्यांनी विडीला दोरा गुंडाळला, तोडला, ताटात टाकली.

"ते एकले गेले तवा सामान काय काय हुतं ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. दुसऱ्या सफरीवर नावेत होतं ते: एक शीड, एक सुकाणू, एक वल्हं, अंबाडीचा दोर, सुतळी, डोलकाठीला टांगलेली सुरी, भाकरी, पाण्याची घागर, उपसायला डबा.

"डबा माजा हुता," त्या म्हणाल्या. "पाणी घालून आणलेला, तोच. तसं लिवा."

तसं लिहिलं आहे. धरणाकडून भिगवणपर्यंत शिडाची नाव पहिल्यांदा अण्णानं नेली, एकट्यानं, तीन दिवसांत. मी काठावर होतो. डबा वहिनींचा.